पिल्लाला सू-शीची जागा शिकवा: मार नको, खिशात खाऊ ठेवा

पिल्लू घरी आलं की जिन्यात भेटणारा प्रत्येक जण एक सल्ला फुकट देतो. "घरात केली की नाक घासा तिथंच, अन् पेपर गुंडाळून दोन लावून द्या. कसं शिकत नाही पाहतो!" आमची बुंदी आली तेव्हा नागपुरात मनीषनगरच्या आमच्या इमारतीत हे इतक्या जणांकडून ऐकलं की सासूबाईंनाही ते पटायला लागलं होतं. आम्ही तसं काही केलं नाही. खिशात खाऊ ठेवला आणि बुंदी शिकली. कसं, ते इथे क्रमाने सांगते. आमच्या वेळी जे काही वाचायला मिळालं ते मागे हिरवळ असलेल्या परदेशी घरांसाठी लिहिलेलं होतं. मे महिन्यात दुपारी तापलेल्या गच्चीचं काय, कूलरखालच्या ओल्या फरशीचं काय, गल्लीतल्या कुत्र्यांचं काय, याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं.

पद्धत एवढीच आहे: पिल्लाने योग्य जागी केली की त्याच जागी, दोन सेकंदांच्या आत खाऊ द्यायचा. हा प्रसंग दिवसातून जास्तीत जास्त वेळा यावा आणि चुकीच्या जागी करायची वेळच येऊ नये, यासाठी पुढची सगळी खटपट आहे.

१. घरी आणण्याआधी विचारून घ्यायच्या गोष्टी

आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू घेऊ नका. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार इतकं लहान पिल्लू विकायलाच बंदी आहे. पण नियम बाजूला ठेवला तरी, आईजवळ आणि भावंडांत राहिलेलं पिल्लू झोपायची जागा स्वच्छ ठेवायला आपसूक शिकतं. त्याच उपजत सवयीवर आपलं सगळं शिकवणं उभं राहतं. जे पिल्लू पिंजऱ्यात, स्वतःच्याच घाणीत वाढलं, त्याची ही सवय मोडलेली असते आणि त्याला शिकवायला वेळ लागतो. त्यामुळे फोटो पाहून ठरवू नका. पिल्लं ठेवली आहेत ती जागा स्वतः जाऊन बघा आणि तिथला वास घ्या.

देणाऱ्याला एक प्रश्न नक्की विचारा: पिल्लू आतापर्यंत कशावर सू-शी करतं? पेपर, माती, गवत की नुसती फरशी? पायाखाली काय लागलं की करायची, हे पिल्लू साधारण आठ-नऊ आठवड्यांपर्यंत मनाशी पक्कं करत असतं. मातीवर करणाऱ्याला मातीच दिली तर निम्मं काम झालं. गल्लीतून उचलून आणलेली पिल्लं याबाबतीत बरेचदा सोपी जातात, कारण त्यांना मातीशिवाय दुसरं काही माहीतच नसतं.

सोबत घ्यायची कागदपत्रं:

- लसीकरणाचं कार्ड, त्यावर लशीचं स्टिकर आणि डॉक्टरांची सही
- जंताचं औषध शेवटचं कधी दिलं, ती तारीख
- काय खातं, किती वेळा खातं, हे लिहून
- विकत घेत असाल तर पावती आणि विकणाऱ्याच्या नोंदणीचा क्रमांक

२. सामान

फार काही लागत नाही. दुकानदार पंचवीस वस्तू दाखवतील, पण कामाला येतात त्या एवढ्याच:

- हलका पट्टा आणि साधारण दीड मीटरची दोरी
- कमरेला बांधायची खाऊची पिशवी, किंवा खोल खिसा असलेला कुर्ता
- पिल्लाला उभं राहता येईल, वळता येईल आणि पाय पसरून झोपता येईल एवढाच पिंजरा, नाहीतर जाळीचं कुंपण
- एन्झाइमवालं क्लीनर. पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळतं, त्यात कंजुषी करू नका
- जुने टॉवेल, सुती फडकी
- एक वही आणि तिला दोरीने बांधलेलं पेन. बांधलं नाही तर पेन नाहीसं होतं, मग नोंदी थांबतात
- फ्लॅट असेल तर मोठा उथळ ट्रे आणि नर्सरीतून आणलेला लॉनचा तुकडा

एक गोष्ट घ्यायची नाही, तर उचलायची: दारातली आणि बाथरूमसमोरची पायपुसणी. पिल्लाच्या पायाला काथ्याचं पायपुसणं आणि गवत यांत फारसा फरक जाणवत नाही. पहिले दोन-तीन महिने ती माळ्यावर टाका.

३. जागा ठरवा, आणि ती बदलू नका

*अंगण असेल तर.* महाल, इतवारीकडची जुनी घरं, किंवा वॉल कंपाउंड असलेलं प्रतापनगरचं एखादं घर. कोपरा निवडा, पण तुळशीवृंदावनापासून आणि जिथे सडा-रांगोळी होते तिथून लांबचा. आज पिल्लू आहे म्हणून घरातले हसून सोडतील. सहा-आठ महिन्यांनी नर कुत्रा पाय वर करायला लागला की त्याला उभं काहीतरी हवं असतं, आणि वृंदावन नेमकं त्या उंचीचं असतं. मग घरात जे रामायण होईल ते खाऊने मिटणार नाही.

*फ्लॅट असेल तर.* गॅलरीत लॉनचा तुकडा घातलेला ट्रे ठेवा. ट्रे पिल्लाच्या अंथरुणापासून आणि जेवणाच्या ताटलीपासून जितका लांब ठेवता येईल तितका ठेवा. गवत दर आठ-दहा दिवसांनी बदलावं लागतं. उन्हाळ्यात त्याआधीच पिवळं पडतं.

*पेपरवर शिकवावं का?* माझं मत नाही असं आहे. पेपरवर शिकलेल्या पिल्लाला पुन्हा मातीवर शिकवावं लागतं, म्हणजे एकच काम दोनदा. शिवाय नागपुरातल्या निम्म्या घरांत सकाळी कुणीतरी फरशीवर पेपर पसरून वाचत बसलेलं असतं. आमचे सासरे त्यातलेच, म्हणून आमच्याकडे हा पर्याय पहिल्याच दिवशी बाद झाला.

*रस्त्यावर लगेच नेऊ नका.* इथे बहुतेक नवे पालक अडकतात. पिल्लाच्या लशी सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून सुरू होतात आणि दर दोन-चार आठवड्यांनी पुढचा डोस देत सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो, आणि आपल्या गल्ल्यांत लस न झालेले कुत्रे भरपूर. म्हणून तुमचे डॉक्टर हो म्हणेपर्यंत सोसायटीबाहेरची माती, नाल्याचा काठ, फुटाळ्याचा कट्टा, हे सगळं वर्ज्य. पिल्लाला कडेवर घेऊन बाहेरचं जग जरूर दाखवा, फक्त खाली सोडू नका. पहिली तपासणी तुमच्या जवळच्या डॉक्टरांकडे करा, किंवा सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे तिथे. तोवर ट्रे किंवा स्वतःच्या अंगणाचा बंद कोपरा, एवढंच.

४. वेळा ओळखा

ढोबळ हिशोब असा: पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवा, तितके तास ते फार तर धरू शकतं. दोन महिन्यांचं पिल्लू म्हणजे जास्तीत जास्त तीन तास, आणि तेही शांत झोपलेलं असताना. जागं असेल, खेळत असेल, तर तासाभरात एकदा न्यावंच लागतं.

या वेळा कधीही चुकवू नका:

- झोपेतून उठल्या उठल्या. पाच मिनिटांची डुलकी असली तरी
- जेवणानंतर पाच ते तीस मिनिटांत
- भरपूर पाणी प्यायल्यावर
- खेळ रंगात आल्यावर. खेळता खेळता पिल्लू अचानक थांबून फरशी हुंगायला लागलं तर हातातलं सोडून पळा
- पाहुणे येऊन गेल्यावर
- रात्री झोपायच्या आधी

गोल गोल फिरणं, नाक खाली घालून हुंगणं, दाराकडे किंवा दिवाणाच्या मागे सटकणं, एकाएकी गप्प होणं, या खुणा दोन दिवसांत ओळखू यायला लागतात. पण खूण दिसेपर्यंत थांबू नका. घड्याळ बघून नेलं तर खुणेची वाट पाहावी लागत नाही.

वही इथे कामी येते. वेळ, सू की शी, कुठे केली, एवढंच लिहायचं. चार-पाच दिवसांच्या नोंदी एकाखाली एक वाचल्या की पिल्लाचं वेळापत्रक आपोआप दिसतं. बुंदीची दुसरी शी संध्याकाळच्या खेळानंतर ठरलेली असायची, हे वहीमुळेच कळलं. आम्ही तोवर ती "अचानक" करते असं म्हणत होतो.

जेवणाच्या वेळा ठरलेल्या असल्या तर शीच्या वेळाही ठरतात. दिवसभर ताटली भरून ठेवली तर तुम्हालाही दिवसभर पळावं लागेल. या वयात दिवसातून तीन-चार वेळा खायला द्या, आणि पंधरा-वीस मिनिटांत ताटली उचला. पाणी मात्र कायम समोर हवं.

आणि दूध-पोळी नको. हा विषय आपल्या घरांत भांडणाचा आहे, मला कल्पना आहे. पण आईचं दूध सुटलं की बहुतेक पिल्लांना गाई-म्हशीच्या दुधातली साखर नीट पचत नाही आणि पोट सुटतं. पातळ शी पिल्लाला धरून ठेवता येत नाही, मग तुमचं शिकवणं कितीही चांगलं असो.

५. जागेवर नेल्यावर नेमकं काय करायचं

सगळी मेहनत इथेच वसूल होते, म्हणून सावकाश वाचा.

पिल्लाला दोरी लावा, अंगण बंदिस्त असलं तरी. मोकळं सोडलं की ते फुलपाखरामागे जातं, आणि आत आल्यावर सोफ्यापाशी मोकळं होतं. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर फ्लॅटमधून खाली न्यायचं असेल तर घरापासून जागेपर्यंत कडेवर न्या. लिफ्ट आणि जिना या दोन ठिकाणी सर्वाधिक घोटाळे होतात, आणि कडेवर असताना पिल्लू सहसा करत नाही.

जागेवर पोचलात की उभे राहा. झाडासारखे. बोलू नका, खेळू नका, मोबाइल काढू नका. मोबाइलमध्ये डोकं घातलं की नेमका क्षण हुकतो. पिल्लाला दोरीच्या लांबीएवढं हुंगू द्या. पाच मिनिटं थांबा.

*केली तर:* पिल्लाने करायला सुरुवात केली की हळू आवाजात ठरलेला शब्द म्हणा. आम्ही "चल सू" म्हणतो. तुम्हाला हवा तो घ्या, पण घरातल्या सगळ्यांचा एकच असू द्या. शब्द जोरात किंवा उत्साहात म्हटला तर पिल्लू अर्ध्यातच थांबून तुमच्याकडे धावतं, आणि उरलेली घरात येऊन करतं. पूर्ण झाली की लगेच, तिथेच, "शाब्बास" आणि खाऊ. लगोलग दुसरा तुकडाही द्या.

*नाही केली तर:* रागवायचं नाही. उचलून घरात आणा, दहा-पंधरा मिनिटं पिंजऱ्यात किंवा मांडीवर ठेवा आणि पुन्हा न्या. या मधल्या वेळात मोकळं सोडायचं नाही. सोडलं, तर ती दहा मिनिटं तुम्हाला महागात पडतील.

*खाऊ घरात येऊन देऊ नका.* खाऊचा डबा स्वयंपाकघरात ठेवून बाहेर जाणारे आणि परत आल्यावर "गुणी बाळ" म्हणून खाऊ देणारे पुष्कळ आहेत. पिल्लाला वाटतं, दारातून आत आलं की खाऊ मिळतो. मग ते बाहेर घाईने अर्धीच करून दाराकडे ओढायला लागतं. खाऊ खिशात नसेल तर बाहेर पडूच नका.

*काम झालं की लगेच घरात आणू नका.* पिल्लाला बाहेर आवडतं. सू केली की फिरणं संपतं असं त्याला कळलं तर ते सू लांबवायला शिकतं, आणि तुम्ही अर्धा अर्धा तास त्याच्या मागे उभे. आधी काम, मग दोन-चार मिनिटं खेळ, हाच क्रम ठेवा. खेळसुद्धा बक्षीसच आहे.

आठवडा-दोन आठवडे हे जमलं की ठरलेला शब्द आधी म्हणून बघा. पिल्लू जागा हुंगायला लागलं तर समजा, सांधा जुळला. पावसात छत्री धरून उभं राहायची वेळ येईल तेव्हा हा एक शब्द तुमचे कपडे वाचवेल.

६. खाऊ कोणता, किती

तुकडा हरभऱ्याच्या दाण्याच्या अर्धा. त्याहून मोठा असला की पिल्लू चावत बसतं आणि पोटही भरतं. दिवसभराच्या खाण्याच्या दहा टक्क्यांहून जास्त खाऊ नको. उकडलेलं चिकन, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग, पनीर, उकडलेला भोपळा किंवा गाजर. चिकन सगळ्यांत चालतं, आणि मीठ-मसाला घालायच्या आधी काढलेलं हवं. सावजी रश्शातला तुकडा धुऊन द्यायचा विचार मनात आला असेल तर तो काढून टाका.

शाकाहारी घर असेल तर पनीर आणि भोपळ्यावर उत्तम भागतं. एखादं पिल्लू फुटाण्याच्या साल काढून बारीक केलेल्या तुकड्यावरही खूश असतं, पण थोडाच द्या, नाहीतर पोटात वारा धरतो.

अजिबात नको: चॉकलेट, द्राक्षं, मनुका, बेदाणे, कांदा, लसूण, आणि झायलिटॉल नावाचा गोडवा असलेली कोणतीही वस्तू, मग ते बिनसाखरेचं च्युइंगम का असेना. देवाच्या प्रसादात बेदाणे असतात हे आजी-आजोबांना वेगळं सांगावं लागतं. संत्राबर्फी पिल्लासाठी नाही, तुमच्यासाठी आहे.

एक खास खाऊ फक्त सू-शीसाठी राखून ठेवा. दिवसभर येता-जाता चिकन मिळत असेल तर बाहेर मिळालेल्या तुकड्याचं त्याला काय कौतुक?

७. घरात असताना नजर

पिल्लू घरात तीनपैकी एका अवस्थेत असावं: तुमच्या नजरेसमोर, तुमच्या कमरेला बांधलेल्या दोरीवर, किंवा पिंजऱ्यात. चौथी अवस्था, म्हणजे "असेल कुठेतरी आतल्या खोलीत", ही घोटाळ्याची. बेडरूमची दारं लावून ठेवा. जितकी चांगली वागणूक, तितकी एकेक खोली उघडा.

पिंजरा ही शिक्षेची कोठडी नाही. त्यात जेवण द्या, चघळायला द्या, दार उघडं ठेवून आत-बाहेर करू द्या. फार मोठा असेल तर पिल्लू एका कोपऱ्यात झोपतं आणि दुसऱ्या कोपऱ्यात उरकतं, म्हणून मध्ये पुठ्ठा किंवा फळी लावून लहान करा. उन्हाळ्यात तो खिडकीच्या उन्हात किंवा पश्चिमेच्या भिंतीला लागून नको. लोखंडी जाळी हाताला चटका देते, पिल्लाला तर बसताच येणार नाही.

८. घरात झालीच तर

होईल. तुमच्या समोर करत असेल तर हलकीशी टाळी किंवा "ए चल चल" एवढंच, आणि उचलून जागेवर. उरलेला थेंब तिथे पडला तरी खाऊ द्या.

नंतर लक्षात आलं तर काहीही बोलू नका. पिल्लाला त्या डबक्यापाशी नेऊन दाखवणं, नाक घासणं, आवाज चढवणं यांतून ते एकच गोष्ट शिकतं: माणसासमोर सू करणं धोक्याचं. मग ते दिवाणामागे, पडद्याआड जाऊन करतं, आणि बाहेर नेलं तर तुमच्या देखत करतच नाही. मारून शिकवलेल्या पिल्लांचे मालक "बाहेर तासभर फिरवलं तरी करत नाही हो" असं का सांगतात, याचं उत्तर हे आहे. प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकी पशुवैद्यकांच्या संस्थेनेही २०२१ च्या भूमिकापत्रात बक्षिसावर आधारित पद्धतीच वापराव्यात, मार आणि धाक नको, असं स्पष्ट म्हटलं आहे.

"पण त्याला कळतं ना, बघा कसं तोंड पाडून बसलंय!" हे वाक्य तुम्हीही ऐकाल. अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने २००९ साली हेच तपासलं होतं. कुत्र्याचं ते अपराधी तोंड त्याने चूक केली की नाही यावर अवलंबून नव्हतं, मालक रागावला की नाही यावर होतं. ज्यांनी काहीच केलं नव्हतं तेही रागावल्यावर तसंच तोंड करत होते.

आता पुसायचं कसं. आधी फडक्याने टिपून घ्या, घासू नका. मग एन्झाइमचं क्लीनर भरपूर ओता आणि बाटलीवर लिहिलं असेल तेवढा वेळ ओलं राहू द्या. फिनाईलने आपल्या नाकाला वास गेल्यासारखा वाटतो, पिल्लाच्या नाकाला जात नाही, आणि त्याच जागी पुन्हा होते. शिवाय पिल्लू फरशी चाटतं, त्यामुळे फिनाईल लहान पिल्लाच्या घरात नकोच. अमोनिया असलेलं क्लीनरही नको, त्याचा वास लघवीच्या जवळ जाणारा असतो.

व्हिनेगर-पाण्याचा उपाय सगळीकडे सांगतात. टाइल्सवर तो चालतो. पण शहाबादी, कोटा किंवा संगमरवराची फरशी असेल तर व्हिनेगर लावू नका. हे चुन्याचे दगड आहेत, आम्लाने त्यांची चमक जाते आणि डाग कायमचा राहतो.

कामाला येणाऱ्या ताईंना हे पहिल्याच दिवशी नीट सांगा. त्या रोजच्या सवयीने फिनाईलच्या बादलीत पोछा बुडवून सूवरून फिरवतात आणि तोच पोछा घरभर जातो. मग घरभर एकच वास, आणि पिल्लाच्या हिशोबाने सगळं घरच मोरी. वेगळं फडकं, वेगळी बाटली, आणि "हे असलं झालं की मला सांगा, मी पुसते" एवढं पुरतं.

९. रात्र

झोपायच्या आधी एकदा जागेवर. दोन महिन्यांच्या पिल्लासाठी रात्री एकदा, कधी दोनदा उठावं लागतं. गजर लावा, रडण्याची वाट पाहू नका. दिवा मंद, बोलणं नाही, जागेवर न्या, केली की एक तुकडा, परत पिंजऱ्यात. खेळ सुरू केलात तर पहाटे तीनला रोज खेळायला उठेल. वय वाढेल तसा गजर अर्ध्या तासाने पुढे सरकवत न्या. पिंजरा पहिले काही आठवडे तुमच्याच खोलीत असू द्या, हालचाल ऐकू येते.

१०. नागपूरचे ऋतू

*उन्हाळा.* एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या आसपास असतो तेव्हा सकाळी दहा ते संध्याकाळी सहा गच्ची आणि डांबर विसरा. हाताचा मागचा भाग फरशीवर सहा-सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सहन होत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही होत नाही. दुपारसाठी गॅलरीतला सावलीतला ट्रे हवाच, तुम्ही एरवी अंगण वापरत असलात तरी. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यांत तापलेल्या नऊ दिवसांत, पाणी कमी करायची चूक करू नका. रात्री सू कमी व्हावी म्हणून पाण्याची वाटी उचला असा सल्ला थंड देशांतला आहे. इथे पिल्लाला उष्माघात होऊ शकतो. पाणी ठेवा, फेऱ्या वाढवा.

कूलर हा आपला खास घोळ. त्याच्याखाली पाणी गळून फरशी कायम ओली असते, आणि कूलरचा हौद गाठता आला तर पिल्लू त्यातलं पाणी पितं. ओलं दिसलं की ती सू आहे की पाणी हेच कळत नाही, आणि वही बिघडते. खाली ट्रे ठेवा, गळती बंद करा, हौदापर्यंत पिल्लू पोचणार नाही असं बघा.

*पावसाळा.* बरीच पिल्लं ओल्या गवतावर पाय ठेवायला नाक मुरडतात. शेडखालचा कोरडा कोपरा आधीपासून तयार ठेवा. या दिवसांत खाऊ एक पायरी वरचा द्या, म्हणजे रोज भोपळा असेल तर आज चिकन. आत आल्यावर पाय पुसा आणि बोटांच्या फटींत गोचीड बघा.

*हिवाळा.* डिसेंबर-जानेवारीत पहाट चांगलीच गार असते, आणि थंडीत फेऱ्या वाढतात. बाकी काही नाही.

*आवाज.* दिवाळीचे फटाके, मारबतीच्या मिरवणुकीचे ढोल, लग्नाच्या वराती. घाबरलेलं पिल्लू बाहेर करत नाही. अशा दिवशी गलका सुरू व्हायच्या आधीच फेरी उरका. नंतर घरात झाली तर ती चूक धरू नका.

११. घरातली माणसं

पिल्लाइतकंच शिकवणं माणसांना लागतं. सासूबाई सुरुवातीला म्हणायच्या, "सू केली म्हणून खाऊ? आम्ही पोरांनाही दिला नाही कधी!" त्यांना पहाटेची फेरी दिली. बुंदी त्यांच्याचसमोर पहिल्यांदा शब्द ऐकून बसली, आणि त्यानंतर खाऊची पिशवी मला मागून घ्यावी लागते.

एकाने खाऊ द्यायचा आणि दुसऱ्याने ओरडायचं असं चालत नाही. मुलांना वहीचं काम द्या, ती प्रामाणिकपणे लिहितात. सोसायटीत असाल तर शी उचलायला कागद आणि सुपली सोबत ठेवा. कुत्रा पाळायला सोसायटी बंदी घालू शकत नाही असं प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात, पण शेजाऱ्यांशी संबंध सुपलीमुळे टिकतात, सूचनांमुळे नाही.

१२. शिकवून होत नसेल, तर आधी दवाखाना

घटकेघटकेला थेंब थेंब सू, करताना कुंथणं किंवा रडणं, लालसर रंग: मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो. तो औषधाने बरा होतो, खाऊने नाही. पातळ शी दोन-तीन वेळा झाली तर जंत किंवा खाण्यातला बदल असेल, डॉक्टरांना विचारा. पण उलट्या, रक्ताची आणि घाण वासाची शी, आणि पिल्लू मलूल पडलेलं असेल तर सकाळची वाट बघू नका. पार्व्हो तासांत बिघडतो.

पाहुणा वाकून लाड करायला गेला की पिल्लू जागीच सू करतं, हा प्रकार निराळा आहे. ते घाबरून किंवा आनंदाच्या भरात होतं, त्यावर त्याचा ताबा नसतो. पाहुण्यांना सांगा, आल्या आल्या लक्ष देऊ नका, मग खाली बसून बाजूने हात लावा. रागावलात तर वाढतं.

१३. खाऊ कधी बंद करायचा

घाई नको. बहुतेक पिल्लं चार ते सहा महिन्यांची होईपर्यंत बऱ्यापैकी भरवशाची होतात, लहान जातींना जास्त वेळ लागतो. सलग तीन-चार आठवडे घरात काही झालं नाही की आधी दर दुसऱ्या वेळी, मग कधीतरी, असा खाऊ कमी करा. "शाब्बास" मात्र दर वेळी. मध्येच घोटाळे वाढले तर दोन पायऱ्या मागे या आणि पुन्हा दर वेळी खाऊ सुरू करा. सहा-आठ महिन्यांच्या वयात, विशेषतः नरांमध्ये, असं एकदा होतंच.

पिल्लाला सांगता यावं म्हणून दाराला घुंगरू बांधा. पोळ्याच्या बाजारात छान मिळतात. दर वेळी बाहेर नेताना त्याचा पंजा किंवा नाक घुंगराला लावा, मग दार उघडा. काही दिवसांत ते स्वतः वाजवतं. वाजवलं की जागेवर न्या, पाच मिनिटं थांबा, काही केलं नाही तर सरळ घरात. नाहीतर फिरायला जायचं म्हणून दिवसभर घुंगरू वाजत राहील.

लग्नसराईत कुणाकडे पिल्लू ठेवून जायचं असेल तर त्या घरी वही, राखीव खाऊ, क्लीनरची बाटली आणि ट्रेमधल्या वापरलेल्या गवताचा एक तुकडा सोबत द्या. ठरलेला शब्द वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. नवीन घरात पहिले दोन दिवस दर तासाला न्यायला सांगा, जणू ते आजच घरी आलं आहे.